चेनच्या ट्रॅक्टरांची ओळख आणि जतन : प्रस्तावना

रबरी चाकांऐवजी दोन्ही बाजूंना पोलादी कड्यांचे अखंड पट्टे असणारा आणि हे पट्टे स्वतःच्या पुढे अंथरत व मागून उचलत चालणारा ट्रॅक्टर तांत्रिक परिभाषेत क्रॉलर ट्रॅक्टर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील धरणांच्या कामांवर आणि दुरुस्तीच्या शेडमध्ये त्याला ‘चेनचा ट्रॅक्टर’ म्हणतात, आणि पुढे माती ढकलणारे पाते बसवले की तोच ‘डोझर’ होतो. पाटबंधारे, रस्ते, बांधबंदिस्ती आणि लष्करी तळ यांच्या निमित्ताने गेल्या पाऊणशे वर्षांत राज्याच्या भूमीचा जो कायापालट झाला त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे. पण जुन्या मोटारी, सायकली आणि आगगाड्यांची इंजिने यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्याच्या पासंगालाही या यंत्राविषयीचे लेखन पुरत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय दुहेरी आहे : पन्नास वर्षांहून जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरची नेमकी ओळख कशी पटवावी, आणि ओळख पटलेले यंत्र भंगाराच्या वजनकाट्यापासून कसे वाचवावे.

या दोन प्रश्नांतील पहिला प्रश्न दुसऱ्याहून महत्त्वाचा आहे, ही या पुस्तकाची भूमिका असून तिचे कारण या यंत्राच्या मालकीच्या इतिहासात सापडते. चाकाचा ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात आला, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडली, त्याच्या कर्जाचे कागद घरातल्या ट्रंकेत राहिले आणि त्याचा आरटीओ क्रमांक नातवंडांनाही पाठ झाला. चेनच्या ट्रॅक्टरला असे घर बहुधा मिळालेच नाही. तो सरकारी खात्याने, सैन्याने, साखर कंपनीने किंवा ठेकेदाराने घेतला, एका कामावरून दुसऱ्या कामावर हलवला, त्याच्यावरचे चालक बदल्यांनुसार बदलत गेले आणि जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे खात्याच्या न संपणाऱ्या मालाच्या वहीत, तो एका क्रमांकापुरता उरला. रणगाड्याला रेजिमेंट असते, डोझरला फक्त डेपो असतो. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) १९९४ साली उभे राहिलेले घोडदळाचे रणगाडा संग्रहालय पाहणाऱ्याला हा फरक सहज उमगतो, कारण तिथल्या प्रत्येक रणगाड्यामागे लढाई, पलटण आणि माणसे यांची नोंद उभी असते, तर त्या रणगाड्यासाठी वाट करून देणाऱ्या डोझरचा साधा प्रकारही कोणी लिहून ठेवलेला नसतो. ज्या यंत्राचे नाव कोणालाच सांगता येत नाही, त्याची किंमत टनाच्या भावानेच ठरते. म्हणून ओळख पटवणे ही जतनाची पूर्वतयारी नव्हे, ते जतनाचे निम्मे काम आहे.

यंत्राची रचना समजल्याशिवाय ही ओळख पटत नाही. क्रॉलरच्या पट्ट्याचे मर्म भार पसरवण्यात आहे. सुमारे ११ टन वजनाचा मध्यम आकाराचा डोझर घेतला, तर त्याचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या घरात भरतो, जो उभ्या माणसाच्या पावलांखालच्या दाबाहून फारसा वेगळा नाही. म्हणूनच पावसाळ्यानंतरच्या ज्या काळ्या जमिनीत चाके रुततात, त्या जमिनीवर हे धूड चालू शकते. पट्टा म्हणजे पिन आणि बुश यांनी जोडलेल्या कड्यांची चेन आणि तिच्यावर बोल्टने बसवलेले पोलादी ‘शू’. मागचे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, ही चेन ओढते; पुढचे गुळगुळीत चाक, म्हणजे आयडलर, तिला ताण देते; आणि खालचे रोलर सगळे वजन तिच्यावर वाहतात. वळण्यासाठी या यंत्राला मोटारीसारखे चक्र बहुधा नसते : एका बाजूचा क्लच सोडून त्या बाजूचा पट्टा थांबवला की यंत्र तिकडे वळते. पट्टे, रोलर आणि स्प्रॉकेट मिळून जो खालचा भाग होतो तो सतत मातीत झिजत असल्यामुळे क्रॉलरच्या दुरुस्तीचा मोठा खर्च तिथेच होतो, आणि झिजलेला हा भागच बहुतेक यंत्रांच्या निर्लेखनाचे, म्हणजे सरकारी वहीतून कमी करण्याचे, कारण ठरतो. इंजिन मात्र पुष्कळदा त्याच्याही पुढे वीस वर्षे चालले असते.

चाकाखाली स्वतःचाच रस्ता अंथरत जाण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जेम्स बॉयडेल याने चाकांना फळ्या जोडून ती अमलात आणण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच काळात जॉन फाउलरच्या कारखान्याने वजनाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला : वाफेची दोन इंजिने शेताच्या दोन टोकांना उभी करून मधला नांगर पोलादी दोराने इकडून तिकडे ओढायचा, म्हणजे जड यंत्राला शेतात शिरावेच लागत नाही. खऱ्या अर्थाने चालणारा पट्टा विसाव्या शतकाच्या आरंभी तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी साकारला. अमेरिकेच्या मेन प्रांतात अॅल्विन लोंबार्ड याने बर्फावरून ओंडके ओढण्यासाठी १९०१ साली त्याचे पेटंट घेतले, इंग्लंडमधील ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्यात डेव्हिड रॉबर्ट्स याने १९०४ साली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळ बेंजामिन होल्ट याने नदीमुखाच्या भुसभुशीत जमिनीवर आपले पट्ट्यांचे वाफेचे इंजिन चालवून पाहिले. होल्ट आणि त्याची जुनी प्रतिस्पर्धी सी. एल. बेस्ट कंपनी यांच्या विलीनीकरणातून १९२५ साली कॅटरपिलर कंपनी जन्माला आली, १९३१ साली तिने डिझेलवर चालणारा क्रॉलर बाजारात आणला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यंत्रांचा राखाडी रंग बदलून पिवळा केला. अमेरिकी यंत्रांची ही वंशावळ पुढे चार प्रमुख घराण्यांत विभागलेली दिसते. कॅटरपिलरच्या मोठ्या डिझेल इंजिनाला सुरू करण्यासाठी त्याच्या कुशीत दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या टीडी मालिकेत तेच मोठे इंजिन आधी पेट्रोलवर सुरू होऊन खटका फिरवताच डिझेलवर जाई. ॲलिस-चामर्सने १९४० पासून जनरल मोटर्सची दोन स्ट्रोकची डिझेल इंजिने वापरली, ज्यांचा कर्कश आवाज ऐकणारा तो विसरत नाही. आणि क्लीट्रॅकने वळताना दोन्ही पट्ट्यांना शक्ती मिळत राहील अशी डिफरन्शियलची पद्धत आणली, जी पुढे शर्मन रणगाड्यातही दिसली. ब्रिटनमध्ये फाउलर आणि विकर्स, तर सोव्हिएत संघात कॅटरपिलरच्या धर्तीवर १९३३ पासून ट्रॅक्टर बनवणारा चेल्याबिन्स्कचा कारखाना, ही घराणीही भारताच्या संदर्भात लक्षात ठेवावी लागतात.

भारतात हे यंत्र मोठ्या संख्येने आले ते शेतीसाठी नव्हे, युद्धासाठी. आसाममधील लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता १९४२ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्याने डोझरांच्या जोरावर कापला, आणि युद्ध संपताच ही यंत्रे शिल्लक माल म्हणून विक्रीला निघाली. त्या विक्रीचा मुंबईच्या उद्योगाशी असलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. होल्क-लार्सन आणि टूब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांच्या भागीदारीला युद्धोत्तर कॅटरपिलर यंत्रांची मोठी खरेदी करायची होती, त्यासाठीचे भांडवल भागीदारांच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि हे भांडवल उभारण्यासाठी ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टूब्रो ही खासगी मर्यादित कंपनी स्थापन झाली. आज ज्या नावाखाली मेट्रो आणि पूल उभे राहतात, त्या कंपनीच्या जन्माला सैन्याने टाकून दिलेले चेनचे ट्रॅक्टर निमित्त झाले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे.

सरकारी पातळीवर याच शिल्लक यंत्रांवर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. मध्य भारत, भोपाळ आणि बुंदेलखंड या भागांत कांस गवताने लाखो एकर जमीन गिळलेली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराने ती केवळ तुटतात, निघत नाहीत. ती उन्हाळ्यात खोल नांगरून वर आणली तर मरतात, आणि हे काम जड क्रॉलरच करू शकतो. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला दिलेल्या पहिल्या दोन कर्जांपैकी एक रेल्वेसाठी होते आणि दुसरे, १ कोटी डॉलरचे, नेमके अशा ट्रॅक्टरांसाठी होते. पुढे १९५६ साली राजस्थानातील सुरतगड येथे सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रसामग्रीवर यांत्रिक शेतीचे केंद्र सुरू झाले, आणि अमेरिकी व सोव्हिएत अशा दोन्ही जातींचे क्रॉलर एकाच देशात राबू लागले. सुट्या भागांच्या दृष्टीने ही डोकेदुखी होती, संशोधकाच्या दृष्टीने ती पर्वणी आहे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत कांसाची जागा कुंदा आणि हरळी यांनी घेतलेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली तयार केलेला लोखंडी नांगर याच जमिनीसाठी होता, आणि खोल नांगरटीची गरज या भागाला ट्रॅक्टर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. निरा, प्रवरा, गोदावरी आदी नद्यांच्या कालव्यांवर उभ्या राहिलेल्या खासगी साखर कारखान्यांकडे, म्हणजे हरेगावची बेलापूर कंपनी, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, माळीनगर, रावळगाव यांच्याकडे, हजारो एकरांचे सलग मळे होते, आणि जड यंत्र परवडण्यासाठी लागणारी सलगता महाराष्ट्रात जवळजवळ तेवढीच होती. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर हे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्यांचा कारभार आला. त्यामुळे साखर मळ्यांवरच्या यंत्रांचा माग काढणाऱ्याला कंपनीची दप्तरे आणि महामंडळाची दप्तरे अशी दोन वेगवेगळी दारे ठोठवावी लागतात, आणि एखादे यंत्र नेमके या दोहोंच्या मधल्या वर्षांत हरवते.

शेतीपेक्षाही मातीकामात या यंत्राचा महाराष्ट्रात अधिक वापर झाला. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ साली आल्यावर अवर्षणप्रवण तालुक्यांत समतल बांध घालण्याचे काम सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर मातीच्या मोठ्या धरणांचे पर्व आले, ज्यात १९६१ च्या फुटीनंतर पुन्हा बांधलेले पानशेत आणि १९६५ ते १९७६ या काळातील पैठणचे जायकवाडी यांचा समावेश होतो. माती खणणे, वाहणे, थराथराने पसरणे आणि दाबून बसवणे ही मातीच्या धरणाची कामे डोझर, त्याच्यामागे ओढला जाणारा स्क्रेपर आणि काटेरी रोलर यांना नेमून दिलेलीच असतात. तरीही महाराष्ट्रात यंत्राचा विजय सरळ रेषेत झाला नाही, ही बाब पुस्तकाच्या वाचकाने ध्यानात घ्यावी. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, रस्ते आणि नालाबांध लाखो माणसांच्या हातांनी, घमेल्या-फावड्यांनी झाले, आणि त्या अनुभवातून आलेल्या रोजगार हमी योजनेने तर माणसाच्या जागी यंत्र आणण्याला तत्त्वतःच मज्जाव केला. जिथे हात रिकामे होते तिथे डिझेल जाळण्यात शहाणपण नव्हते. या राज्याचा डोझर त्यामुळे एकीकडे राष्ट्रउभारणीचे चिन्ह राहिला आणि दुसरीकडे रोजीवर आलेले संकट. धरणांत ज्यांची गावे बुडाली त्यांच्या आठवणीत तर त्याचे तिसरेच रूप आहे. यंत्राच्या जतनाला या तिन्ही आठवणींची नोंद ठेवावी लागेल, अन्यथा ते केवळ पिवळ्या रंगाचे कौतुक ठरेल.

या साऱ्या इतिहासाच्या वाटा पुण्याच्या उत्तरेकडील काही किलोमीटरच्या टापूत येऊन मिळतात, हे पुस्तकाच्या पुणे-केंद्रित मांडणीचे कारण आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता पलटणीचे केंद्र आहे; दापोडीला स्वातंत्र्यानंतर रुरकीहून आलेले लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पाटबंधारे खात्याच्या यंत्रांशी निगडित असलेली जुनी शासकीय कार्यशाळाही आहे; दिघीला सीमा सडक संघटनेच्या ग्रेफ या दलाचे केंद्र आहे, जिथून हिमालयातील रस्त्यांवर जाणारी माणसे तयार होतात. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेला आणि १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीला एकत्र पाहिले म्हणजे परदेशी डोझरापासून देशी डोझरापर्यंतचा प्रवास लक्षात येतो. या कंपनीने जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने डी-८० हा डोझर बनवला, आणि त्यातील पुष्कळ यंत्रांत पुण्याच्या कोथरूड येथील किर्लोस्कर कमिन्सच्या कारखान्यातील इंजिने बसली. म्हणजे ज्या शहराने ही यंत्रे चालवणारी माणसे शिकवली, त्याच शहराने त्यांची इंजिनेही घडवली. अशा शहरात जुन्या क्रॉलरला वाहिलेली एकही सार्वजनिक जागा नसावी, हा उणेपणा आहे आणि तो भरून काढणे शक्यही आहे, कारण ओतकाम, गिअर कापणे, फुटलेला ब्लॉक टाके घालून सांधणे आणि बेअरिंग ओतणे ही कौशल्ये भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत अजून उपलब्ध आहेत.

ओळख पटवण्याच्या शास्त्राकडे वळताना एक भ्रम आधी दूर करणे आवश्यक आहे : रंग हा पुरावा नव्हे. कारखान्यातून राखाडी, लाल, नारिंगी किंवा लष्करी हिरवा रंग घेऊन आलेली यंत्रे खात्यात दाखल झाल्यावर एकजात पिवळी झाली, आणि पिवळ्या डोझराला ‘कॅटरपिलर’ म्हणण्याची सवय तेव्हापासून रूढ झाली. पहिला भरवशाचा पुरावा म्हणजे इंजिनावर आणि चालकासमोर ठोकलेली धातूची अनुक्रमांक पाटी. कॅटरपिलरच्या बाबतीत अनुक्रमांकाच्या आधीचा अंक व अक्षर यंत्राचा कुळवृत्तांतच सांगतात : युद्धोत्तर डी-४ ट्रॅक्टरवर ६-यू असेल तर त्याच्या दोन पट्ट्यांमधले मध्य-ते-मध्य अंतर ४४ इंच आणि ७-यू असेल तर ६० इंच असते, डी-७ वरचे ७-एम हे युद्धकाळाकडे, तर ३-टी हे युद्धाच्या अखेरच्या व नंतरच्या वर्षांकडे बोट दाखवते, डी-८ च्या बाबतीत १-एच, ८-आर आणि २-यू हा क्रम तीसच्या दशकापासून पन्नासच्या दशकापर्यंतचा काळ व्यापतो. पाटी चोरीला गेली असेल, आणि पितळेच्या पाट्या सर्वांत आधी जातात, तर यंत्राच्या अंगावरचे इतर पुरावे वाचावे लागतात. डी-२, डी-४ आणि डी-७ यांना चार सिलिंडर तर डी-८ ला सहा. सुरू करण्याचे छोटे इंजिन आहे की नाही. रेडिएटरच्या टाकीवर ओतकामातच आलेली अक्षरे कोणती. पाते वर-खाली करण्यासाठी मागे पोलादी दोराचे रहाट आहे की तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक सिलिंडर, कारण दोराची व्यवस्था जुन्या पिढीची खूण आहे. या प्रत्येक खुणेचा अर्थ वेगळा काढता येतो, पण निर्णय त्यांच्या बेरजेवरच घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील यंत्रांच्या बाबतीत या बेरजेत एक स्थानिक गुंतागुंत मिसळते. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात सुटे भाग आयात होणे दुरापास्त होते, म्हणून इथल्या फिटरांनी चेनच्या पिना आणि बुश फिरवून त्यांची न झिजलेली बाजू वापरात आणली, झिजलेल्या शूंवर लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या, दोन मोडक्या यंत्रांचे एक चालते यंत्र केले आणि मूळ इंजिन गेले तर हाताशी असलेले देशी इंजिन बसवून काम निभावले. परदेशी हौशी संग्राहकाच्या लेखी असे यंत्र ‘बिघडवलेले’ असते. प्रस्तुत पुस्तक हे मत स्वीकारत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसाचे रूप हेच एकमेव खरे रूप मानले, तर यंत्राने प्रत्यक्षात जे आयुष्य काढले ते खोटे ठरते. दापोडी किंवा पैठणच्या शेडमध्ये बसवलेले पर्यायी इंजिन हा त्या शेडच्या कौशल्याचा दस्तऐवज आहे, आणि तो काढून टाकण्याआधी निदान त्याची छायाचित्रे, मोजमापे आणि ते बसवणाऱ्याची आठवण नोंदवली गेली पाहिजे.

इथेच जतनाच्या निरनिराळ्या संप्रदायांचा प्रश्न येतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बहुसंख्य संग्राहक यंत्र पूर्ण उलगडून, प्रत्येक भाग दुरुस्त करून, नवा रंग देऊन ते चालते करण्याच्या मताचे आहेत, आणि मेळ्यांत नांगरटीची प्रात्यक्षिके होतात ती त्यांच्यामुळे. दुसरा संप्रदाय यंत्र सापडले त्याच अवस्थेत स्थिर करण्याच्या बाजूचा आहे : गंज थांबवावा, तेलाचा हात फिरवावा, पण झिजलेला रंग आणि पोचे तसेच ठेवावेत, कारण तेच पुरावे होत. औद्योगिक वारशाविषयीची २००३ ची निझ्नी तागिल सनद आणि २०११ ची डब्लिन तत्त्वे या दुसऱ्या मताला अधिक जवळची आहेत, कारण ती यंत्राला इमारत, कागदपत्रे आणि कामगारांचे कौशल्य यांच्यापासून तोडून पाहत नाहीत. तिसरा, आणि आपल्याकडे सर्वाधिक व्यवहार्य, मार्ग नोंदीचा आहे : सगळी यंत्रे वाचणार नाहीत हे मान्य करून प्रत्येकाची ओळख, मोजमापे व इतिहास टिपून ठेवावा, आणि वाचवायला निवडलेल्या थोड्या यंत्रांसाठी बाकीच्यांचे सुटे भाग राखावेत. पंधरा टनांची दहा यंत्रे उघड्यावर गंजत ठेवण्यापेक्षा एक छपराखाली आणि नऊ कागदावर, हा व्यवहार कठोर वाटला तरी प्रामाणिक आहे.

प्रत्यक्ष बचावात सर्वांत मोठा शत्रू पाऊस आहे. धुराड्याचे तोंड उघडे राहिले की पाणी थेट सिलिंडरात उतरते आणि पिस्टन जाम होतात. मुळशी-वेल्ह्याच्या पावसात दोन पावसाळे उघड्यावर काढलेले यंत्र आणि दौंड-इंदापूरच्या कोरड्या हवेत वीस वर्षे उभे असलेले यंत्र यांची तुलना केली तर दुसऱ्याची अवस्था बरी निघण्याचीच शक्यता अधिक. जाम झालेले इंजिन जोर लावून फिरवू नये, सिलिंडरात पातळ तेल मुरवत ठेवून त्याला आठवडेच्या आठवडे द्यावेत. गंजलेले भाग पाण्यात कालवलेल्या उसाच्या मळीत किंवा काकवीत बुडवून ठेवण्याची रीत जगभर प्रचलित आहे आणि साखर पट्ट्यात ती स्वस्तही पडते. मात्र ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकल्यास मळी गंजासोबत धातूही खाते, ही सूचना विसरू नये. यंत्र हलवताना पट्टे फिरत नसतील तर ते ओढून नेण्याचा मोह टाळून खालच्या पातळीच्या ट्रेलरवर रहाटाने चढवावे, नाहीतर शेवटच्या टप्प्यातील गिअर फुटतात आणि वाचवण्याच्या नावाखाली यंत्र मोडते.

आता या विषयाची निकड कशात आहे, हे पाहावे लागते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय झाली. रस्त्यासाठी न बनलेला चेनचा ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी वस्तू सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची असावी लागते, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतील यंत्रे तिथेही पोहोचत नाहीत. उलट १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबल्यामुळे सरकारी आवारे मोकळी करण्याकडे कल वाढला आहे, आणि त्या नियमाच्या अक्षरात न बसणारी यंत्रेही ओघाने त्याच लिलावात जाऊ शकतात. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात ‘जुना नादुरुस्त डोझर, एक नग’ अशा वर्णनाखाली नेमके काय विकले जाते, हे बोली लावणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. यंत्र जितके वजनदार तितके त्याचे भंगारमूल्य अधिक, म्हणून सर्वांत मोठी आणि बहुधा सर्वांत दुर्मीळ यंत्रे सर्वांत आधी गॅसकटरखाली जातात. याहून घाईचा प्रश्न माणसांचा आहे : दोराच्या रहाटावर पाते चालवलेले चालक आणि छोट्या इंजिनाने मोठे इंजिन सुरू करणारे फिटर आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्या हातातले ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नाही, आणि यंत्र टिकले पण ते चालवणारा राहिला नाही तर संग्रहालयाला फक्त लोखंड मिळेल.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. हे दुरुस्तीचे मार्गदर्शक पुस्तक नाही. ज्या कामांत फुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते, त्यांसाठी कुशल फिटरला पर्याय नाही, आणि चेनचा ताण धरणारी पुढची स्प्रिंग अशीच आहे. ते संग्राहकांसाठी किमतींची यादीही देत नाही, कारण किंमत छापली की शोध थांबतो आणि सौदा सुरू होतो. त्याचा प्रयत्न एवढाच, की मराठी वाचकाला उकिरड्याशेजारी उभे असलेले धूड पाहून त्याचे घराणे, पिढी आणि काम सांगता यावे; जडसंग्रह नोंदवही, लॉगबुक, लिलावाची सूचना आणि जुन्या चालकाची आठवण या चार साधनांची सांगड कशी घालावी हे कळावे; आणि वाचवण्याजोगे यंत्र कोणते याचा निर्णय भावनेवर न सोडता निकषांवर घेता यावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्यात रचनाशास्त्र सापडेल, इतिहासाच्या अभ्यासकाला नवी साधने, आणि पाटबंधारे वा बांधकाम खात्यातील अधिकाऱ्याला, निर्लेखनाच्या कागदावर सही करण्याआधी विचारायचा एक प्रश्न.

वाचकांनी या कामात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा आहे. गावाच्या, कारखान्याच्या किंवा खात्याच्या आवारात जुना चेनचा ट्रॅक्टर दिसल्यास मालकाच्या परवानगीने आधी अनुक्रमांक पाटीचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, पाटी मात्र काढू नये. पट्ट्यांमधले अंतर मोजावे, जागा आणि तारीख लिहावी, तो चालवलेले कोणी हयात असेल तर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आणि बाकी काहीच जमले नाही, तरी मृगाआधी धुराड्याच्या तोंडावर एक रिकामा डबा उपडा घालून यावे.